दुकानातल्या जुन्या मशीनचे यूएसबी पोर्ट

सावंतवाडीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, आरतीच्या पुस्तिका, डबलबारी भजनाची पोस्टरं अशी कामं येतात. यातली बरीचशी कामं अजून एका जुन्या डेस्कटॉपवर होतात. २०१२ साली जुळवून घेतलेलं मशीन आहे. इंटेलचा कोअर आय-३, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबी रॅम, विंडोज ७. मागे सहा यूएसबी पोर्ट, समोर दोन.

हे मशीन अजून का ठेवलंय, असं लोक विचारतात म्हणून आधी तेच सांगते. माझं जुनं काम सगळं पेजमेकर ७ मध्ये आहे. ती आवृत्ती २००१ ची, तिच्यानंतर पेजमेकर पुढे गेलाच नाही. मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये नाही. नव्या मशीनवर तो तसाच उघडला की अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. आणि माझं श्रीलिपी यूएसबीच्या लॉकवर चालतं. लॉक म्हणजे पेनड्राइव्हसारखाच एक तुकडा. तो मशीनला दिसला तरच सॉफ्टवेअर उघडतं. म्हणजे यूएसबी पोर्ट गेले की माझं दुकान बंद.

त्रास सुरू झाला तो पावसाळ्यात, गणपतीच्या कामांची गर्दी व्हायच्या थोडं आधी. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह मी समोरच्या पोर्टमध्ये लावायची. फाइल कॉपी होता होता मध्येच थांबायची, तुटल्याचा आवाज यायचा, परत जोडल्याचा आवाज यायचा. मग कोपऱ्यात संदेश: यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड. तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला की व्यवस्थित चालायचा. वेगवेगळे पेनड्राइव्ह लावून पाहिले, सगळ्यांचं तेच. तेव्हा दोष पेनड्राइव्हचा नाही एवढं कळलं. मी समोरचा पोर्ट वापरणं सोडलं आणि मागे लावायला लागले.

पुढच्या आठवड्यात मागचा माउस अडकायला लागला. बाण पडद्यावर थिजायचा आणि थोड्या वेळाने आपोआप सुटायचा. सकाळी सगळं बरं असायचं, दुपार झाली की सुरू. मग एकदा पावती पुस्तकाचं काम चालू असताना सॉफ्टवेअरने सांगितलं की लॉक सापडत नाही. काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावलं तर सापडलं. पण माझे हात गार पडले. पोर्टमधून उलटसुलट करंट जाऊन ते लॉकच जळलं तर? पेनड्राइव्ह शंभर मिळतात, हे लॉक दुकानात सहज मिळत नाही. त्या संध्याकाळी मशीन बंद करून लॉक काढलं आणि पर्समध्ये घालून घरी नेलं. दोष सापडेपर्यंत ते परत लावलं नाही. असं मशीन कुणाकडे असेल तर आधी लॉक काढून ठेवा, मग तपासायला बसा.

दुसरी गोष्ट केली ती कीबोर्डची. माझा कीबोर्ड आणि माउस दोन्ही यूएसबीचे होते. पोर्ट तपासताना तेच बंद पडले तर मशीन बंदसुद्धा नीट करता येत नाही. जुन्या बोर्डांवर मागे दोन गोल खोबणी असतात, जांभळी कीबोर्डची आणि हिरवी माउसची. यूएसबीशी त्यांचा संबंध नाही. माळ्यावर जुना गोल पिनचा कीबोर्ड आणि माउस पडलेले होते, ते धुऊनपुसून आणले. हे गोल पिनवाले मशीन बंद असतानाच जोडायचे असतात, चालू मशीनला नाही. पुढचं सगळं तपासणं या जोडीमुळेच जमलं. आता ती मी कायमची ठेवली आहे.

मग भाच्याला फोन केला. तो पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने सांगितलं, "मावशी, मशीन बंद कर. मागची वायर काढ. नुसतं शटडाउन नको, वायरच काढ. मग समोरचं पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर. मग परत वायर लाव." कारणही सांगितलं. मशीन बंद केलं तरी वायर लावलेली असेल तर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, पाच व्होल्टची एक लाइन चालूच ठेवतो. बऱ्याच बोर्डांवर यूएसबीला तीच लाइन जाते. म्हणून रात्री मशीन बंद करूनही काहींच्या माउसचा लाल दिवा जळत राहतो. शटडाउनने पोर्टचा अडकलेला भाग मोकळा होत नाही, वायर काढल्यावर होतो.

केलं तसं. मागचे पोर्ट चालू झाले आणि संध्याकाळपर्यंत नीट चालले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. उपाय टिकला नाही, पण एक खूण मिळाली. थंड असताना चालतं आणि तापल्यावर बंद होतं. हे मी वहीत लिहून ठेवलं, पुढे उपयोगी पडलं.

त्यानंतर विंडोजच्या मागे लागले. डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबीच्या यादीतल्या प्रत्येक रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये गेले. तिथे पॉवर मॅनेजमेंटमध्ये एक खूण असते, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला मशीनला परवानगी देणारी. ती काढली. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड असतं, तेही बंद केलं. मग यादीतले कंट्रोलर अनइन्स्टॉल करून मशीन परत चालू केलं. विंडोज ते स्वतःच पुन्हा बसवून घेतं. हे करताना यूएसबीचा कीबोर्ड-माउस मरतो, म्हणून आधी गोल पिनवाला हवा.

डिव्हाइस मॅनेजरच्याच खिडकीतली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. व्ह्यू मेनूत डिव्हाइसेस बाय कनेक्शन निवडलं की कुठला पोर्ट कुठल्या कंट्रोलरखाली येतो ते झाडासारखं दिसतं. माझ्या चिपसेटमध्ये यूएसबी २ चे दोन कंट्रोलर आहेत. प्रत्येक पोर्टमध्ये एकच पेनड्राइव्ह लावत गेले आणि कागदावर कॅबिनेटच्या मागच्या बाजूचं चित्र काढून कुठला कुठे येतो ते लिहिलं. नेटवर्कच्या खोबणीखालचे दोन पोर्ट एकदाही दिसले नाहीत. बाकीचे कधी दिसत, कधी नाही. हे चित्र काढल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला समजू शकेल.

विंडोजमधल्या या खटपटीने फरक पडला नाही. भाचा म्हणाला, "विंडोजला दोष देण्याआधी विंडोज बाजूला काढून बघ." त्याच्या सांगण्यावरून उबुंटू लिनक्सची डीव्हीडी तयार केली, लॅपटॉपवर. ती डीव्हीडी घालून मशीन चालू केलं की हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालतं, बसवावं लागत नाही. त्यातही पेनड्राइव्ह तसेच तुटत होते आणि नेटवर्कखालचे दोन पोर्ट मेलेलेच होते. म्हणजे ड्रायव्हर नाही, व्हायरस नाही, विंडोज नाही. दोष लोखंडातच. विंडोज परत टाकून घ्यायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. या एका डीव्हीडीने ते वाचलं.

आणि मग एका सकाळी मशीन चालू केलं तर विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ आली. यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड. खाली लिहिलेलं की पंधरा सेकंदांत मशीन बंद होईल. आणि झालं. परत चालू केलं, परत तेच. माझ्याकडे एका मंडळाचं डबलबारीचं पोस्टर अर्धं झालेलं होतं, बुवांचे फोटो टाकायचे बाकी होते. मंडळाच्या पोरांना मी "उद्या या" म्हणून सांगितलं, पण उद्या काय करणार ते मला ठाऊक नव्हतं.

बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात मशीन नेलं. त्यांनी चालू करून ओळ वाचली आणि सांगितलं, बोर्ड गेला. या बोर्डाचा नवा मिळत नाही, जुना मिळाला तर बघू, नाहीतर नवीन मशीन घ्या. कॅबिनेट उघडलं नाही. मी मशीन परत घेऊन आले. वाटेत रडायला आलं, खरं सांगते. पैशापेक्षा त्या जुन्या फाइलींचं वाईट वाटत होतं.

आमच्या दुकानाशेजारी एक म्हातारे गृहस्थ टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतात. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांना कॉम्प्युटरचं फारसं येत नाही, असं ते स्वतःच म्हणतात. पण ओळीचा अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले की ओव्हर करंट म्हणजे कुठेतरी पाच व्होल्ट सरळ अर्थला टेकतायत. मग आधी सगळ्या वायरी काढा आणि बघा.

सगळं काढलं. प्रिंटर, हब, जे काय होतं ते. फक्त मॉनिटर आणि गोल पिनचा कीबोर्ड. तरी तीच ओळ, तेच पंधरा सेकंद. म्हणजे बाहेरून लावलेल्या कशाचाच दोष नाही, पोर्टच्याच आत काहीतरी आहे.

भाऊंनी टॉर्च लावून समोरच्या पोर्टमध्ये बघितलं. यूएसबीच्या पोर्टमध्ये प्लास्टिकची एक जीभ असते आणि तिच्यावर चार पट्ट्या. कडेची एक पाच व्होल्टची, दुसऱ्या कडेची अर्थची, मधल्या दोन माहितीच्या. इतकी वर्षं दिवसभर पेनड्राइव्ह घालून-काढून ती जीभ तुटली होती आणि पाच व्होल्टची पट्टी वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकत होती. तो पत्रा अर्थला जोडलेला असतो. दुसऱ्या पोर्टमध्ये पट्ट्यांवर हिरवा गंज होता. आमच्याकडच्या पावसात पितळ असंच हिरवं होतं.

आता दुपारचं कोडंही सुटलं. बोर्डावर यूएसबीच्या वाटेत छोटे फ्यूज असतात. हे फ्यूज जळून तुटत नाहीत. जास्त करंट गेला की ते तापतात आणि त्यांचा अडथळा वाढतो, थंड झाले की परत पूर्ववत होतात. पुष्कळ बोर्डांवर दोन-दोन पोर्टना मिळून एक फ्यूज असतो. पट्टी टेकायची, फ्यूज तापायचा, व्होल्टेज पडायचं, माउस थिजायचा. पट्टी कायमची टेकली तेव्हा बोर्डाने स्वतःला वाचवायला मशीन बंद करायला सुरुवात केली. बोर्ड गेलेला नव्हता. तो त्याचं काम बरोबर करत होता.

कॅबिनेट उघडलं. समोरच्या पोर्टची वायर बोर्डावर एका छोट्या कनेक्टरमध्ये येते. दोन रांगांत नऊ पिना, दहाव्या पिनेची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली, उलटा बसू नये म्हणून. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला. हे जरूर करा, कारण जुन्या बोर्डांवर अगदी असाच दिसणारा दुसरा कनेक्टरही असतो, कॉम पोर्टचा किंवा फायरवायरचा. परत लावताना यूएसबीची वायर फायरवायरवर बसली तर लावलेलं उपकरण जळतं. बोर्डावर बाजूला बारीक अक्षरांत नाव छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं.

कनेक्टर ओढून काढला. मशीन चालू केलं. ओळ आली नाही. विंडोज आलं. मी भाऊंना चहा सांगितला आणि स्वतः खुर्चीत बसून राहिले.

समोरचे दोन पोर्ट त्या दिवसापासून बंद आहेत. त्यांच्यावर चिकटपट्टी लावली, गिऱ्हाइकाने येऊन काही घालू नये म्हणून.

पण नेटवर्कखालचे दोन पोर्ट अजून मेलेलेच होते. भाऊंनी व्होल्ट मोजायचं ठरवलं. मल्टिमीटरची टोकं पोर्टच्या आत घालणं धोक्याचं, घसरलं की पुन्हा शॉर्ट. त्यांनी एक टाकाऊ यूएसबी एक्स्टेन्शन वायर मधोमध कापली आणि पोर्टमध्ये लावून आतल्या तारा सुट्या केल्या. लाल पाच व्होल्ट, काळी अर्थ, हिरवी आणि पांढरी माहितीच्या. लाल आणि काळीवर मोजलं तर पाचच्या वर थोडंसं दाखवलं. भाऊ म्हणाले, "वैनी, हय करंट येता हा. मगे गडबड दुसरीकडे आसा." म्हणजे वीज आहे, पण माहितीच्या तारा गेल्या. हे पोर्ट चिपपाशीच गेलेले, घरी दुरुस्त होणारे नाहीत.

ते का गेले असतील, याचं उत्तर भाऊंना लगेच सापडलं. कॅबिनेटला हात लावला की बोटाला झिणझिण्या येतात, हे मला कित्येक वर्षांपासून माहीत होतं. त्यांनी कॅबिनेटचा पत्रा आणि जमिनीत ठोकलेली सळई यांच्यात मीटर धरला तर शंभरच्या वर व्होल्ट. दुकानातल्या विजेच्या बोर्डाला तीन पिनांची जागा होती, पण अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळायला कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्या वाटेने निम्म्या मेन्सइतकं व्होल्टेज कॅबिनेटवर चढून बसतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात. पण विजेच्या दुसऱ्या बोर्डावर चालू असलेला प्रिंटर त्या मशीनला जोडला की हा फरक यूएसबीच्या तारांतून वाट काढू शकतो. माझा प्रिंटर त्याच दोन मेलेल्या पोर्टांपैकी एकावर होता.

वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं. मागच्या अंगणात खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. या सगळ्या भानगडीत सगळ्यात जास्त खर्च याच कामाला आला आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झिणझिण्या गेल्या. कॅबिनेट, मॉनिटर आणि प्रिंटर आता विजेच्या एकाच बोर्डावरून चालतात. ज्यांच्या दुकानात कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या येतात त्यांनी पोर्ट जायची वाट बघू नये.

उरलेले मागचे चार पोर्ट साफ केले. मशीनची वायर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रंगाचा बारीक ब्रश. पाणी किंवा नुसती फुंकर नको, फुंकरीतून थुंकीची ओल जाते. पूर्ण सुकेपर्यंत थांबले. नंतर ते चारही नीट चालले.

चार पोर्ट मला कमी पडत होते. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची एक आखूड खोबण मोकळी होती. तिच्यात यूएसबी ३ चं कार्ड बसतं. ते हजाराच्या आत मिळालं. घेताना दोन गोष्टी बघितल्या. एक, कार्डावर एसएमपीएसची वेगळी वायर लावायची सोय आहे का. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. बाहेरची हार्ड डिस्क लावली की जास्त ओढ लागते, ती एकट्या खोबणीवर टाकू नये. दुसरी, विंडोज ७ चा ड्रायव्हर मिळतो का. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर आधीपासून नसतो. कार्ड बसवून मशीन चालू केलं की ते नुसतं अनोळखी म्हणून दिसतं.

लॉक सगळ्यांत शेवटी लावलं. आधी दोन दिवस त्या पोर्टमध्ये एक जुना, बिनकामाचा पेनड्राइव्ह ठेवून बघितला, तुटतो का म्हणून. तुटला नाही. मग लॉक. श्रीलिपी उघडलं आणि पोस्टर जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. मंडळाची पोरं तोवर रोज येऊन जात होती, त्यांनी कुरकुर केली नाही हे मला सांगायलाच हवं.

आता मांडणी अशी आहे. लॉक बोर्डाच्या एका पोर्टवर, ते हलत नाही. प्रिंटर दुसऱ्यावर. कीबोर्ड-माउस गोल पिनांवर. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह कार्डाला जोडलेल्या, स्वतःचा अडॅप्टर असलेल्या हबवर. तो हब झिजला तर तो एकटा बदलता येईल, म्हणून तो मध्ये घातला. जुन्या फाइली बाहेरच्या डिस्कवर दोनदा उतरवून झाल्या, एक डिस्क घरी असते. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये करून नव्या मशीनवर न्यायचं काम रोज संध्याकाळी थोडं थोडं चाललंय. आरतीच्या पुस्तिका झाल्या. पत्रिकांचे नमुने बाकी आहेत, त्याला दिवाळी उजाडेल.

कार्डासोबत आलेल्या ड्रायव्हरच्या सीडीच्या दोन प्रती काढल्या आणि एक कॅबिनेटच्या आतच पाकिटात चिकटवून ठेवली. मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा आधार नाही. उद्या डिस्क बदलून सगळं नव्याने टाकायची वेळ आली तर तो ड्रायव्हर शोधत बसावं लागू नये.